नदीकाठची विद्यापीठ-वस्ती : बेळगावकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नगररचनेचं काम करते, माहेर शहापूरचं. मार्कंडेय नदीकाठच्या गावांत आणि एपीएमसीच्या मागं वाढलेल्या वसाहतींत नकाशे घेऊन बसायची वेळ अधूनमधून येते. शहराच्या उत्तर अंगाला, नदीच्या बाजूला एखादं विद्यापीठ किंवा त्याचे काही विभाग आणले तर काय होईल, हा विषय तिथं हमखास निघतो. कुठलाही मंजूर प्रकल्प समोर ठेवून हे लिहिलेलं नाही, त्यामुळे ‘आमचा सर्व्हे नंबर त्यात आहे काय’ याचं उत्तर इथं मिळणार नाही. प्रश्न लोकांचे आहेत, उत्तरं माझी. काही उत्तरं प्लॉटवाल्यांना आवडत नाहीत, हे मला ठाऊक आहे.

विद्यापीठ-वस्ती म्हणजे कॅम्पसच ना?

नव्हे. कॅम्पसला कंपाउंड असतं, गेटवर वॉचमन असतो आणि संध्याकाळी सहानंतर आत फक्त कुत्री असतात. वस्तीला गेट नसतं. वर्गाच्या खाली झेरॉक्सचं दुकान, लायब्ररीसमोर खानावळ, प्राध्यापक राहतात त्याच गल्लीत गवळी आणि शिंपी. शहराचे रस्ते सरळ विद्यापीठातून जातात आणि विद्यापीठाचं मैदान गल्लीतली पोरंही वापरतात.

ओळखायची माझी खूण सोपी आहे. रविवारी संध्याकाळी सात वाजता तिथं जाऊन उभं राहायचं. चहाची टपरी चालू असेल, कुणी ओली छत्री झटकत जिना चढत असेल, तर ती वस्ती. शुकशुकाट असेल तर कॅम्पस.

‘विद्यानगर’ हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. त्या नावाची पाटी लागली की पाठोपाठ प्लॉट पाडून लेआउट पडतो, हा आपल्याकडचा अनुभव.

बेळगावात अशी वस्ती आधीच आहे की.

आहे, आणि कुणी आराखडा न करता झालेली आहे. टिळकवाडीत आरपीडी, जीएसएस, लॉ ही सगळी कॉलेजं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यांच्या आसपासच्या गल्ल्यांत माडीवरच्या खोल्या, मेस, क्लास, सायकलची दुकानं पन्नासेक वर्षं जगली. कॉलेज रोडवर १९३३ पासून लिंगराज कॉलेज. उत्तरेला नेहरूनगरात १९६३ साली मेडिकल कॉलेज आलं, मग हॉस्पिटल वाढलं, आणि आज तिथून सदाशिवनगर, आझमनगरपर्यंत प्रत्येक तिसऱ्या घरावर ‘पीजी फॉर गर्ल्स’ किंवा ‘कॉट बेसिस’चा बोर्ड दिसतो.

म्हणजे मार्कंडेयच्या दिशेनं विद्यार्थ्यांची वस्ती सरकतेच आहे. आराखडा केला तरी सरकणार, न केला तरी सरकणार. फरक इतकाच की न केला तर ती नोंदणीशिवाय नुसत्या बाँड पेपरवर विकलेल्या प्लॉटवर, गटार नसलेल्या गल्लीत जाऊन बसणार.

मग आपली विद्यापीठं गावाबाहेर का गेली?

जमीन तिथं होती म्हणून. कारण एवढंच.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं आणि मच्छेला खानापूर रोडवर बसलं. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं. त्याआधी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र भुतरामहट्टीला होतं, तेच वाढवून विद्यापीठ झालं. शहरापासून पंधरा-अठरा किलोमीटर, महामार्गाला लागून, शेजारी प्राणीसंग्रहालय. पुढचा परिसरही हिरेबागेवाडीजवळ धरला, म्हणजे पुन्हा महामार्गच.

अशी जागा सरकारी खात्याला सोयीची असते. एकच मोठा तुकडा, एकच मालक, बांधकाम झटपट. सोय विद्यार्थ्याची नसते. त्याला बस चुकली तर पुढच्या बसपर्यंत झाडाखाली बसावं लागतं. संध्याकाळी पार्टटाइम नोकरी करायची तर शहरात यायला तास जातो. आणि शहराला काय मिळतं? काहीच नाही. १८४८ पासून आपल्याकडं सार्वजनिक वाचनालय आहे, नाटकं होतात, व्याख्यानमाला होतात, पण विद्यापीठातली पोरं त्या व्याख्यानाला यायची म्हटली तर शेवटच्या बसचं काय, हा प्रश्न आधी येतो.

कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ १९६२ साली माळावर बांधलं तेव्हा तेही गावाबाहेरच होतं. शहर वाढत त्याच्यापर्यंत गेलं. पण तसं व्हायला एक-दोन पिढ्या जातात, आणि वाढताना मधली शेती काय भावानं गेली हे कोल्हापूरकरांना विचारा.

पण नदीकाठच कशाला? आधीच पाणी येतंय.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, आणि तो नेहमी बायका विचारतात. पुरुष आधी जागेचा दर विचारतात.

मार्कंडेय राकसकोपकडून उचगाव, कंग्राळी, काकती असं शहराला वळसा घालून जाते आणि पुढं गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. आपल्या शहराला ती पाठ दाखवून जाते असं म्हणतात. खरं तर शहरानं तिच्याकडं पाठ केलीय. राकसकोपचं पाणी आपण पितो आणि खाली तिलाच आपलं सांडपाणी देतो. मधल्या पट्ट्यात भाताची शिवारं, बटाटा, भाजीपाला, रताळी आणि उन्हाळ्यात वीटभट्ट्या. एपीएमसी यार्डामुळं हा पट्टा हळूहळू भरत आला. ज्योतीनगर, वैभवनगरकडून पुढं जाल तसं शेत आणि घर यांची सरमिसळ दिसते.

अशा बदलत्या पट्ट्यात विद्यापीठ आणण्याच्या बाजूनं एकच भक्कम कारण आहे. विद्यापीठाला मोकळी जागा लागते आणि नदीलाही मोकळी जागा लागते. खेळाचं मैदान, वनस्पतिशास्त्राची बाग, शेतीचे प्रयोग, झाडी हे सगळं दरवर्षी चार दिवस पाण्याखाली गेलं तर बिघडत नाही. बिल्डरच्या हातात हीच जागा गेली तर तो तिथं तळमजल्याला पार्किंग दाखवून चार मजले चढवणार.

पण अट आहे. आधी पाण्याची रेघ, मग इमारतीची. हा क्रम उलटला तर मी स्वतः विरोधात बसेन.

पूररेषा म्हणजे काय? आमच्या घरात २०१९ ला पाणी आलं होतं. घर पाडणार काय?

शेजारच्या महाराष्ट्रात दोन रेषा काढतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर जिथवर जातो ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पंचगंगेच्या निमित्तानं हे शब्द आपल्याकडंही तोंडात बसलेत. नाव काहीही द्या, अर्थ नीट समजून घ्या, कारण इथं हमखास फसगत होते.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे २०१९ ला येऊन गेला, आता २११९ ला, असं नव्हे. त्याचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता. तुम्ही घरासाठी ३० वर्षांचं कर्ज काढलं, तर त्या ३० वर्षांत असा पूर एकदा तरी दारात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. आणि २५ वर्षांच्या रेषेच्या आत घर असेल तर तीच शक्यता ७० टक्क्यांवर जाते. हिशेब ज्याला करायचा त्यानं कॅल्क्युलेटरवर करून बघावा : ०.९६ ला स्वतःशी ३० वेळा गुणा आणि उत्तर एकातून वजा करा.

आता कागदावरची रेघ आणि जमिनीवरचं पाणी. कंग्राळीच्या बाजूला एका घरी मी टेप घेऊन गेले होते. बाहेरची भिंत नव्यानं रंगवलेली, पण पावसात ओल धरली की ऑगस्ट २०१९ ची रेघ पुन्हा उमटते. जमिनीपासून तीन फूट आठ इंच. माझ्या हातातल्या नकाशाप्रमाणं तिथं पाणी यायलाच नको होतं, नदी सहाशे मीटर लांब. घरातल्या आजींनी मला हाताला धरून मागच्या दारी नेलं. परसात गवताखाली दीड फुटाचा पाइप होता, आणि पलीकडं ओढा. ‘पुढनं न्हाई आलं बाई, ह्या मागल्या दारानं आलं,’ म्हणाल्या. नदी भरली की ओढ्याचं पाणी पुढं जायला जागा राहत नाही, ते फुगून मागं फिरतं. ओढ्यावर कुणीतरी भराव टाकून एक पाइप घालून ठेवलेला. माझा नकाशा नदीचा होता, ओढ्याचा नव्हता. तेव्हापासून मी ओढे आधी चालते.

बळ्ळारी नाल्याचं जे होतं तेही याच जातीचं. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात दर पावसाळ्यात भात बुडतं ते नाला अरुंद आणि गाळानं भरलेला म्हणून.

घर पाडण्याबद्दल. जुन्या घराला हात लावायचा नसतो. नवं बांधकाम थांबवायचं असतं. रेषेच्या आत असलेल्या जुन्या घरांना जोतं उंच करायला, वीज मीटर वर घ्यायला मदत मिळावी, आणि ज्यांना स्वतःहून बाहेर पडायचंय त्यांना त्याच वस्तीत वरच्या अंगाला जागा मिळावी, हे आराखड्यात लेखी पाहिजे. तोंडी आश्वासनाला पावसाळ्यात किंमत नाही.

नदीकाठी घाट, बाग, वॉकिंग ट्रॅक होणार ना? अहमदाबादसारखं?

साबरमती बघून आलेला प्रत्येक माणूस हे विचारतो. साबरमतीला दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या भिंती घालून पात्र आखलं, आणि त्यात जे पाणी दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं. काठच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं त्यासाठी शहराच्या कडेला गेली. मार्कंडेय ही पावसाळी नदी आहे, जुलैत धावते आणि एप्रिलमध्ये डबक्यात उभी राहते. तिला भिंती घातल्या तर पाणी कंग्राळीत न थांबता काकतीत जाऊन शिरेल. आपला घाट म्हणजे शेजाऱ्याचा पूर.

मला पटलेलं उदाहरण जर्मनीतलं आहे. हँबुर्गला एल्ब नदीच्या जुन्या गोदीवर १५७ हेक्टरची हाफेनसिटी नावाची नवी वस्ती केली, तिच्यात विद्यापीठही आहे. तिथं वस्तीभोवती बांध घातला नाही. इमारतींची जोती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच केली आणि काठचे फिरायचे रस्ते खालीच ठेवले. पाणी चढलं की रस्ते बुडतात, लोक वरच्या पातळीवरून जातात, पाणी उतरलं की रस्ता धुऊन पुन्हा चालू. गोदीचं शहर श्रीमंत, आपल्याला तेवढी जोती परवडायची नाहीत. पण ‘कुठं बुडू द्यायचं’ हे आधी ठरवण्याला पैसे लागत नाहीत.

म्हणून काठाला मैदान, झाडी, मातीची पायवाट. बाकं दगडी, हलकी नकोत, वाहून जातात.

किती मुलं येतील आणि किती खोल्या लागतील?

आकडा कुणीच आधी खरा सांगत नाही, म्हणून आपण उदाहरण घेऊ. समजा ६,००० विद्यार्थी. त्यातले २,४०० घरून ये-जा करतील : खानापूर, बैलहोंगल, हुक्केरी, शिवाय चंदगडकडची मुलं. १,२०० ना वसतिगृहात जागा. उरले २,४००. तिघं एका खोलीत धरले तर ८०० खोल्या. एका घराच्या माडीवर चार खोल्या निघतात असं धरा, म्हणजे २०० घरं.

दोनशे घरं ऐकायला काहीच वाटत नाहीत. आता पाण्याचा हिशेब करा. ड्रेनेज असलेल्या शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. २,४०० जणांना ३ लाख २४ हजार लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर येतं, म्हणजे रोज सुमारे २ लाख ६० हजार लिटर. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर. ड्रेनेज लाइन नसेल तर ते सव्वीस टँकर कुठं जाणार? घरामागच्या ओढ्यात. ओढा कुठं? त्या आजींच्या मागच्या दारात.

त्यामुळं ‘खोल्या बांधू का’ असं जो घरमालक मला विचारतो त्याला मी उलट विचारते, तुमच्या गल्लीत ड्रेनेज आहे का. नव्वद टक्के वेळा उत्तर ‘पुढच्या वर्षी होणार म्हणतात’ असं येतं.

भाडी वाढतील का?

वाढतील. आणि सगळ्यांना सारखी भिडणार नाहीत.

एक खोली आणि स्वयंपाकघर एखाद्या हमाल कुटुंबाला समजा ५,००० रुपयांना दिलंय. तीच जागा तीन कॉट टाकून मुलांना दिली, प्रत्येकी २,५०० धरले, तर साडेसात हजार होतात. शिवाय मुलं अकरा महिन्यांनी बदलतात, डिपॉझिट नवं मिळतं, रेशन कार्डावर पत्ता कुणी मागत नाही. मालकाला दोष देण्यात अर्थ नाही, तोही निवृत्त शिक्षक किंवा विधवा बाई असते आणि माडीच्या कर्जाचा हप्ता असतो. पण एपीएमसीतला हमाल, वीटभट्टीवरचे कामगार, घरकाम करणाऱ्या बायका यांना मग आणखी दोन-तीन किलोमीटर आत जावं लागतं, आणि त्यांची कामं मात्र इथंच राहतात.

फिलाडेल्फियाचं उदाहरण मी नेहमी देते. शूलकिल नदीच्या पश्चिम काठाला पेन (पेनसिल्व्हेनिया) आणि ड्रेक्सेल ही विद्यापीठं. १९६० च्या दशकात तिथं ‘युनिव्हर्सिटी सिटी’ नावानं संशोधन केंद्र आणि इमारती उभारायला ब्लॅक बॉटम नावाची कृष्णवर्णीय कुटुंबांची अख्खी वस्ती हलवली. हजारो माणसं विखुरली. ती कुटुंबं पुढं कितीतरी वर्षं एकत्र येऊन त्या वस्तीची आठवण काढत राहिली, आणि विद्यापीठांना शेजाऱ्यांचा विश्वास परत मिळवायला दशकं लागली. तिथं शाळा काढाव्या लागल्या, शेजारच्या लोकांना नोकऱ्या द्याव्या लागल्या. जे आधी करायचं ते नंतर केलं.

आपल्याकडं आधी करायचं म्हणजे वसतिगृह पहिल्या वर्षी, मुख्य इमारत नंतर. आपण नेमकं उलटं करतो. दगडी कमान पहिली, वसतिगृह ‘दुसऱ्या टप्प्यात’. दुसरा टप्पा येईपर्यंत गल्लीतली भाडी ठरून गेलेली असतात.

आमची शेतजमीन जाणार काय?

या भागात हा प्रश्न कोऱ्या पाटीवर विचारला जात नाही. हलगा-मच्छे बायपासला पिकाऊ जमीन गेली, शेतकरी कोर्टात गेले, पिकं उभी असताना मशिनं आली, हे सगळ्यांनी पाहिलंय. बासमतीचं शिवार एकदा भरावाखाली गेलं की परत मिळत नाही. त्यामुळं ‘विकास’ शब्द ऐकला की लोक उताऱ्याची फाइल घट्ट धरतात. बरोबर करतात.

कायद्याचं थोडक्यात. भूसंपादनाचा २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. बाजारभावाच्या हिशेबावर शंभर टक्के दिलासा रक्कम, ग्रामीण भागात वर गुणक. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती लागते. निव्वळ सरकारी प्रकल्पाला ही अट नाही. सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा असतो, पण राज्यांनी काही प्रकारच्या प्रकल्पांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा : जमीन कोण घेतंय, कुणासाठी, कुठल्या कलमाखाली. उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा.

दुसरा मार्ग जमीन एकत्र करण्याचा आहे. पुण्यात हडपसरला सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांवर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली, जमीन विकून मोकळे न होता भागीदार राहिले. तिथलं सगळं इथं जमणार नाही. तिथं कुटुंबं एका भावकीत गुंफलेली होती आणि समोर आयटी कंपन्या उभ्या होत्या. आपल्याकडं एका एकराच्या उताऱ्यावर अकरा नावं, त्यातली तीन मुंबईत. तरी विचार करण्यासारखा आहे, कारण विद्यापीठ हा कायमचा भाडेकरू असतो. पाच गुंठे जमीन भाडेपट्ट्यानं दिली आणि तिच्यावर शिक्षकांची घरं उभी राहिली, तर मालकी घरात राहते.

माझं मत विचाराल तर दुबार पिकाची, ओलिताखालची जमीन सोडून वरच्या अंगाची पडीक आणि अर्धवट लेआउट पडलेली जमीन आधी घ्यावी. प्लॉट पडून दहा वर्षं झाली, घरं चारच, गवत कमरेएवढं, असे लेआउट शोधायला लांब जावं लागत नाही.

एपीएमसीचे ट्रक आणि कॉलेजची पोरं एकाच रस्त्यावर?

पहाटे तीन ते सकाळी नऊ रस्ता भाजीचा, नऊनंतर पोरांचा. वेळ वाटून घेतली तर भागतं. नाही घेतली तर अपघात होतात. ट्रकसाठी वेगळा रस्ता हे योग्यच, पण तो नदीच्या बाजूनं काढू नका. नदीकाठचा रस्ता हा पुढं प्लॉटचा रस्ता होतो.

खानावळी, गाडे, टपऱ्या यांना हटवणार का?

हटवले तर विद्यार्थी उपाशी मरतील. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा आहे. त्यात आधी नगर विक्री समिती, मग तिनं करायची पाहणी, मग जागा ठरवणं, असा क्रम आहे, आणि एका वॉर्डात किंवा शहरात लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं हा त्याचा दंडक. नव्या वस्तीत फुटपाथ आखतानाच गाड्यांसाठी खाचा ठेवायच्या, पाण्याचा नळ आणि विजेचा पॉइंट द्यायचा. संध्याकाळी गिरमिटाचा गाडा, सकाळी इडलीची सायकल, दुपारी भाकरीची मेस, याला इमारत लागत नाही. सावली लागते.

खानावळ चालवणाऱ्या बायकांच्या बचत गटांना कँटीनचं कंत्राट, ही मागणी लोकांनीच केलेली आहे. मला ती पटते. मात्र कंत्राटाच्या अटीत ‘तीन वर्षांची उलाढाल’ लिहिली की गट आपोआप बाद होतो, तिकडं लक्ष ठेवा.

मुलींच्या दृष्टीनं ही वस्ती कशी असेल?

११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसनं फुकट प्रवास आहे. याचा परिणाम खोल्यांच्या हिशेबावर थेट होतो. जी मुलगी आधी पासचे पैसे, वेळ आणि आईबापांची भीती याचा विचार करून खोली घ्यायची किंवा शिक्षणच सोडायची, ती आता घरून ये-जा करते. चंदगडच्या मुलीला मात्र ही सवलत नाही, तिचा पत्ता महाराष्ट्रातला. एकाच बाकावर बसणाऱ्या दोघींचा हिशेब वेगळा.

पण बस फुकट असली तरी थांब्यापासून वर्गापर्यंत चालायचं असतं. थांबा महामार्गावर आणि वर्ग आत आठशे मीटर, मधे उसाचं शेत, असं असेल तर नोव्हेंबरनंतर साडेपाचचं प्रॅक्टिकल मुली सोडून जातात. हे मी स्वतः सोसलेलं आहे. मी शिकत होते त्या कॉलेजात संध्याकाळचा स्टुडिओ होता आणि मधल्या रस्त्याला एक दिवा, तोही बंद. तक्रार केली तर ‘मुलींनी लवकर जावं’ असं उत्तर आलं. दिवा लावणं त्याहून स्वस्त होतं.

दिव्यांपेक्षाही उपयोगी पडतात त्या रस्त्यावर उघडणाऱ्या खिडक्या आणि रात्री नऊपर्यंत चालू असलेली दुकानं. कंपाउंडची लांब भिंत कुणालाच सुरक्षित ठेवत नाही.

नकाशे आणि नोटिसा कन्नडमधून येतात. हरकत मराठीतून देता येते का?

येते. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाणं मांडताना संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेतून अर्ज करता येतो. मराठीत लिहिलंय म्हणून अर्ज परत करता येत नाही. शिवाय एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त असतील तर महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, हे धोरण जुनंच आहे. मिळतं का, तो भाग वेगळा. मागितल्याशिवाय तर नाहीच मिळत.

कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर आणि ग्राम नियोजन कायद्याप्रमाणं आराखडा प्रसिद्ध झाला की लोकांच्या सूचनांसाठी ६० दिवस असतात. या ६० दिवसांतले पहिले वीस नकाशा वाचण्यात जातात, कारण खुणांची सूची कन्नडमध्ये आणि अक्षर मुंगीएवढं. माझा सल्ला असा : मराठीत हरकत लिहा, सोबत कन्नड गोषवारा जोडा, सर्व्हे नंबर आकड्यात लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. कन्नड लिहिणारा शेजारी प्रत्येक गल्लीत असतो. पाणी त्याच्याही घरात शिरतं.

सीमाप्रश्न सुटेपर्यंत हे सगळं कशाला?

बेळगावसाठी महाराष्ट्रानं केलेला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या साली जन्मलेलं पोर आज पदवी घेऊन नोकरी शोधतंय. गटार ज्या राज्यात जाईल तिथं जाऊ दे, ते आधी बांधलेलं असावं.

गणपतीत डॉल्बी आणि तिकडं परीक्षा?

मंडळाच्या पंचांना आणि परीक्षा विभागाला जूनमध्येच एका सतरंजीवर बसवा. दोघांकडंही कॅलेंडर असतं.

पार्किंग?

विद्यापीठाला कमी द्या, बसला जास्त. प्राध्यापक कुरकुर करतील.

बैठकीला येताना काय आणायचं?

उतारा किंवा घरपट्टीची पावती, वीजबिल, आणि २०१९ किंवा नंतरच्या पावसाचे मोबाइलमधले फोटो. फोटोत दार, खांब, मोटरसायकल असं काहीतरी ओळखू येणारं असेल तर उत्तम, त्यावरून पाण्याची उंची काढता येते. फोटो दुसऱ्याला पाठवताना तारीख पुसली जाते, म्हणून मूळ फोटो असलेला फोनच घेऊन या. भाडेकरू असाल तरी या. कागद नसला तरी चालेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणा, कारण जुना ओढा कुठून जात होता हे नकाशात सापडलं नाही तर त्यांनाच विचारावं लागतं. आणि टेप असेल तर आणा, माझी एकच आहे आणि ती तीन मीटरवर अडकते.